वाढावा चार लाखांचा, बँकेत अडतीस हजार: ऑडिटरची सही नेमके काय सांगते?

एका गृहनिर्माण संस्थेच्या नव्या खजिनदारांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. अठ्ठेचाळीस सदनिकांच्या त्यांच्या संस्थेच्या उत्पन्न-खर्च पत्रकात ३१ मार्चअखेर ४,१४,००० रुपयांचा वाढावा दिसतो, परंतु त्या दिवशी बचत खात्यात अवघे ३८,६०० रुपये होते. ताळेबंदात १२ लाखांच्या मुदत ठेवी आहेत, ‘हस्ते रोख शिल्लक’ म्हणून ८६,४०० रुपये आहेत आणि या सगळ्यावर वैधानिक लेखापरीक्षकांची सही आहे. वाढाव्याचे पैसे गेले कुठे, हा घोटाळा असेल तर ऑडिटर कायद्याने जबाबदार ठरतो का आणि त्याच्यावर थेट गुन्हा नोंदवता येतो का, अशा तीन प्रश्नांची उत्तरे त्यांना हवी आहेत. त्यांनी ताळेबंदासोबत खतावणीचे, म्हणजे खातेवार वहीचे, उतारेही पाठवले, हे फार बरे झाले, कारण सत्तावीस वर्षांच्या व्यवसायात मला आलेले यातले निम्मे प्रश्न केवळ शेवटच्या आकड्याकडे पाहून विचारलेले होते आणि त्यांचे उत्तर खतावणीत आधीच लिहिलेले होते.

आपल्याला सर्वांत जास्त खटकलेला आकडा वाढाव्याचा आहे. कागदपत्रे पाहिल्यावर मला मात्र त्यात काही वावगे दिसत नाही. ज्या आकड्याचा आपण ओझरता उल्लेख केला आहे, ती ८६,४०० रुपयांची रोख शिल्लक, तिच्यामुळे मी थांबलो. आधी वाढाव्याचा उलगडा करतो, कारण तो झाल्याशिवाय ऑडिटरने काय करायला हवे होते हे ठरवता येणार नाही.

सहकारी संस्थेचे हिशेब, दोन-चार अगदी छोट्या संस्था सोडल्या, तर मर्केंटाईल पद्धतीने, म्हणजेच उपार्जित तत्त्वावर लिहिले जातात. या पद्धतीत उत्पन्न कधी धरायचे हे पैसे कधी आले यावर ठरत नाही, तर ते मिळण्याचा हक्क कधी निर्माण झाला यावर ठरते. संस्थेने सभासदाला देखभाल शुल्काचे बिल दिले की ते उत्पन्न झाले. सभासदाने ते भरले नाही तर उत्पन्न कमी होत नाही, त्याच्या नावे येणे उभे राहते. आपल्या संस्थेत दरमहा ३,००० रुपयांप्रमाणे अठ्ठेचाळीस सदनिकांची वर्षाची बिले १७,२८,००० रुपयांची झाली आणि ठेवींवरील ८४,००० रुपयांचे व्याज धरून एकूण उत्पन्न १८,१२,००० झाले. त्यातून १३,९८,००० रुपये खर्च वजा जाता ४,१४,००० उरले. या बेरीज-वजाबाकीत ‘रोकड’ हा शब्द कुठेही आलेला नाही.

आता हाच वाढावा बँकेपर्यंत चालवत नेऊ. खर्चात ३६,००० रुपयांचा घसारा, म्हणजे मालमत्तेच्या झिजेपोटी वहीत धरलेला खर्च, आहे. घसाऱ्याचा धनादेश कुणाला दिला जात नाही, म्हणून तो परत मिळवला की ४,५०,००० होतात. सात सभासदांनी वर्षभर एक पैसाही भरलेला नाही, त्यांची २,५२,००० रुपयांची थकबाकी उत्पन्नात आली पण बँकेत आली नाही. ठेवी मुदतीअंती व्याज देणाऱ्या आहेत, म्हणजे ८४,००० रुपयांचे व्याज अजून बँकेकडून येणे आहे. ऑगस्टमध्ये सीसीटीव्ही यंत्रणेवर १,८०,००० रुपये गेले. ते खर्चात न टाकता मालमत्तेत दाखवले आहेत आणि ते योग्यच आहे, कारण त्या यंत्रणेचा उपयोग पुढची काही वर्षे होणार आहे. सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या कंत्राटदाराचे मागच्या वर्षाचे ६०,००० रुपये या वर्षी दिले गेले, त्यांचा खर्च मागच्या वर्षीच धरलेला होता. उलट मार्चचे वीजबिल आणि लेखापरीक्षण शुल्क मिळून २४,००० रुपये या वर्षाच्या खर्चात आहेत, पण ते अद्याप दिलेले नाहीत. साडेचार लाखांतून हे सारे वजा-अधिक केले, की उणे १,०२,००० उरतात. वर्षाच्या सुरुवातीला बचत खात्यात १,४०,६०० रुपये होते. त्यातून एक लाख दोन हजार गेले की ३८,६०० राहतात. आपल्या पासबुकातला आकडा हाच आहे. सिंकिंग फंडाची, म्हणजे इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठीच्या निधीची, वर्गणी मी या हिशेबात घेतलेली नाही, कारण ती उत्पन्नात न येता थेट निधीखात्यात जमा होऊन ठेवीत गुंतवली गेलेली आहे.

तेव्हा वाढाव्याचे पैसे कुणी नेलेले नाहीत. ते सात सभासदांकडे, बँकेच्या येणे व्याजात आणि जिन्यातल्या कॅमेऱ्यांत आहेत. असे असूनही हे पत्रक निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. वरच्या उलगड्यातला एकेक टप्पा हिशेबशास्त्राच्या एकेका संकल्पनेवर उभा आहे आणि नेमक्या त्याच टप्प्यांवर ऑडिटरची परीक्षा होते.

थकबाकीचेच घ्या. उपार्जित तत्त्वाने २,५२,००० उत्पन्नात धरले, हे ठीक. पण त्याच्या जोडीला सावधगिरीचे तत्त्व असते, जे सांगते की होऊ घातलेला तोटा दिसत असेल तर त्याची तरतूद आजच करा, आणि नफा मात्र हातात येण्याची खात्री होईपर्यंत मोजू नका. आपल्या सात थकबाकीदारांपैकी दोन सदनिका वारसांच्या वादात न्यायालयात आहेत. सदनिका जागच्या जागी असल्याने ही रक्कम बुडेल असे नाही, वसुलीसाठी गृहनिर्माण संस्थांना महाराष्ट्राच्या सहकार कायद्यातल्या कलम १५४ब-२९ची वाटही आहे. परंतु ती कधी येईल हे सांगता येत नसताना तरतूद नाही आणि साधी टीपही नाही, हे मला उणे वाटते. व्याजाबाबतही एक खोच आहे. मागच्या वर्षीच्या पत्रकात येणे व्याज दिसत नाही, म्हणजे तोवर ठेवीचे व्याज प्रत्यक्ष मिळाल्यावर धरत असत आणि या वर्षी पद्धत बदलली. नवी पद्धत जास्त बरोबर आहे. तथापि सातत्याचे तत्त्व असे मागते की पद्धत बदलली तर तसे उघड सांगा आणि तिचा आकड्यांवर किती परिणाम झाला तेही सांगा. वाढाव्यातले ८४,००० रुपये निव्वळ या बदलामुळे आले आहेत, हे न सांगता दोन वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी छापले की वाचणाऱ्याची दिशाभूल होते. चालू संस्था (म्हणजे संस्था पुढेही चालत राहणार हे गृहीत), सातत्य आणि उपार्जन ही तीन मूलभूत गृहीतके भारतीय सनदी लेखापाल संस्थेच्या पहिल्याच लेखामानकात, १९७९ मध्ये, घातली गेली. ती पाळली असतील तर वेगळे सांगावे लागत नाही, मोडली असतील तर सांगावेच लागते. गृहनिर्माण संस्थेच्या बाबतीत चालू संस्थेचा प्रश्न पुनर्विकास दारात येईपर्यंत सहसा उद्भवत नाही, म्हणून तो येथे सोडून देतो.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण आपल्या पत्रात ‘ताळेबंद तर जुळतो आहे’ असे वाक्य आहे. ताळेबंद जुळणे हा द्विनोंदी पद्धतीचा गुणधर्म आहे, प्रामाणिकपणाचा नव्हे. प्रत्येक व्यवहार एका खात्याला नावे आणि दुसऱ्याला जमा होत असल्याने खोटी नोंदसुद्धा दोन्ही बाजूंना सारखीच बसते. कीर्द (रोजच्या नोंदींची वही), खतावणी, तेरीज (सर्व खात्यांच्या शिलकींची यादी) आणि ताळेबंद ही साखळी अंकगणिताची चूक पकडते. अस्तित्वातच नसलेली ठेव पकडू शकत नाही. ती पकडण्यासाठी वहीच्या बाहेर जावे लागते आणि वहीच्या बाहेर जाणे हेच ऑडिटरचे काम आहे.

आता कायद्याकडे वळू. हिशेब ठेवणे आणि पत्रके तयार करणे ही समितीची जबाबदारी आहे, ऑडिटरची नाही. ऑडिटर त्या पत्रकांवर मत देतो, आणि ते मत हमीपत्र नसते. लेखापरीक्षण मानकांच्या भाषेत तो ‘वाजवी खात्री’ देतो, संपूर्ण खात्री नव्हे. लोकांना हा बचावाचा मुद्दा वाटतो. काही ऑडिटर तो तसा वापरतातही, हे मान्य केले पाहिजे. परंतु वाजवी म्हणजे किती, याचे उत्तर न्यायालये सव्वाशे वर्षे देत आली आहेत आणि ते हळूहळू ऑडिटरला अधिकाधिक जड जात गेले आहे.

इंग्लंडमधले दोन जुने निकाल आजही शिकवले जातात. १८९६ मधल्या किंग्स्टन कॉटन मिलच्या खटल्यात व्यवस्थापकाने मालाचा साठा वर्षानुवर्षे फुगवून दाखवला होता आणि ऑडिटरांनी त्याच्याच प्रमाणपत्रावर विसंबून तो मान्य केला होता. ऑडिटर हा राखणदार कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे, असे म्हणत न्यायालयाने त्यांना सोडले. हा दाखला प्रत्येक ऑडिटरला तोंडपाठ असतो. त्याच्या आदल्याच वर्षीचा, १८९५ मधला लंडन अँड जनरल बँकेचा निकाल मात्र फारसा कुणी सांगत नाही. त्या बँकेची कर्जे नीट तारण घेतलेली नव्हती आणि ऑडिटरला ते कळलेले होते. त्याने संचालकांना स्पष्ट अहवाल दिला, पण भागधारकांपुढच्या अहवालात, मालमत्तेचे मूल्य वसुलीवर अवलंबून आहे, एवढेच मोघम लिहिले. बँकेने भांडवलातून लाभांश वाटला आणि त्याची भरपाई ऑडिटरवर आली. जे खरे असल्याचा स्वतःला विश्वास नाही ते त्याने प्रमाणित करू नये, आणि विश्वास ठेवण्यापूर्वी वाजवी काळजी व कौशल्य वापरावे, हे सूत्र त्या निकालातून आले. आपल्याकडच्या संस्थांच्या संदर्भात मला हा निकाल जास्त जवळचा वाटतो, कारण ‘मी सेक्रेटरींना तोंडी सांगितले होते’ हे वाक्य मी सहकाऱ्यांकडून असंख्य वेळा ऐकले आहे. ऑडिटरची बांधिलकी सभासदांच्या सभेशी आहे. सेक्रेटरींच्या दिवाणखान्यात चहा घेता घेता सांगितलेली गोष्ट अहवालात नसेल तर ती सांगितलेली नाही असेच कायदा मानतो.

व्यवस्थापकाच्या दाखल्यावर विसंबण्याची १८९६ ची सवलतही आज उरलेली नाही. सत्यम या हैदराबादच्या सॉफ्टवेअर कंपनीचे प्रकरण सर्वांना ऐकून माहीत असते, पण त्यातली हिशेबाची बाजू फार साधी होती. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्षांनी लिहिलेल्या पत्रात कबुली होती की ताळेबंदातल्या ५,३६१ कोटींच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत आणि ३७६ कोटींचे येणे व्याजही नाही. म्हणजे ठेवी खोट्या, म्हणून त्यांच्यावरचे व्याजही खोटे, आणि ताळेबंद मात्र चोख जुळलेला. ठेवींची खातरजमा थेट बँकांकडून करून घेण्याची प्रक्रिया ऑडिटरांनी आपल्या ताब्यात ठेवली नाही, यावर अमेरिकेच्या रोखे आयोगाने बोट ठेवले आणि एप्रिल २०११ मध्ये ६० लाख डॉलरच्या दंडावर ते प्रकरण मिटले. हैदराबादच्या विशेष न्यायालयाने ९ एप्रिल २०१५ रोजी दहा जणांना दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा सुनावली, त्यात दोघे लेखापरीक्षण करणारे होते; पुढे अपिलात ही शिक्षा स्थगित झाली. समितीचे लेखी निवेदन घ्यावे, पण तेवढ्यावर पुरावा पूर्ण होत नाही, असे आजचे लेखापरीक्षण मानक सांगते.

हा धडा मी स्वतः सत्यमच्या आधी, एका पतसंस्थेच्या लेखापरीक्षणात आणि थोड्या लाजिरवाण्या रीतीने शिकलो. ठेवपावत्यांच्या झेरॉक्स प्रती फाइलमध्ये व्यवस्थित लावलेल्या होत्या, रकमा वहीशी जुळत होत्या आणि मी प्रत्येकीवर हिरव्या शाईची खूण करून मोकळा झालो होतो. सहज म्हणून मूळ पावत्या पाहायला मागितल्या, तेव्हा त्या बँकेत असल्याचे कळले. दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो, तर चारपैकी तीन पावत्यांवर उचल घेतलेली होती आणि त्या कर्जाचा वहीत मागमूस नव्हता. झेरॉक्स पावतीच्या दर्शनी बाजूची होती, तारणाची नोंद मागे होती. तेव्हापासून शिलकीच्या दाखल्यासाठीचे पत्र मी संस्थेच्या सहीने पण माझ्या हाताने पाठवतो आणि उत्तर माझ्या पत्त्यावर मागतो. त्या पत्रात एक ओळ कायम असते: ‘सदर ठेवींवर कोणताही बोजा वा धारणाधिकार असल्यास तो नमूद करावा.’

महाराष्ट्रातील सहकारी संस्थांच्या बाबतीत तर ही अपेक्षा केवळ मानकांपुरती नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१ मध्येच लिहिले आहे की लेखापरीक्षणात थकीत येण्यांची तपासणी, रोख शिल्लक व रोख्यांची पडताळणी आणि मालमत्ता व देण्यांचे मूल्यांकन या गोष्टी आल्याच पाहिजेत. म्हणजे रोकड मोजणे हा ऑडिटरच्या आवडीनिवडीचा भाग नाही. आपल्या प्रश्नाचा गाभा येथे आहे.

आपल्या संस्थेची हस्ते रोख शिल्लक ८६,४०० रुपये आहे. आपण जोडलेल्या मागच्या दोन ताळेबंदांतही ती ८६,४०० च आहे. तीन वर्षे सरळ, रुपयाचाही फरक नाही. झाडूवाल्याला, प्लंबरला, लाइट गेल्यावर येणाऱ्या वायरमनला रोज पैसे देणाऱ्या पेटीत तीन मार्चअखेरींना तोच आकडा राहत नाही. पैसे पेटीत नसून आकडा मात्र वहीत पुढे ओढला जात असला, की असे चित्र दिसते. जुने खजिनदार ‘ती रक्कम खर्च झाली आहे, व्हाउचर मिळतील’ असे म्हणतात हे आपण लिहिले आहे. व्हाउचर तीन वर्षे जुनी असतील तर खर्च त्या वर्षाचा, आणि ती नसतील तर रक्कम येणे. दोन्ही स्थितींत ‘हस्ते रोख’ हे लिहिणे खोटे ठरते. संस्थेचे अस्तित्व तिच्या पदाधिकाऱ्यांहून वेगळे असते, ही हिशेबशास्त्राची पहिली संकल्पना मुलांना पाठ करून घेतली जाते, आणि मोडली जाते ती नेमकी अशी, घरच्या कपाटातल्या पाकिटात.

ऑडिटर जुलैत आला तर ३१ मार्चची रोकड कशी मोजणार, अशी सबब पुढे येईल. तिला काही अर्थ नाही. ज्या दिवशी तो संस्थेत येतो त्या दिवशी खजिनदारासमोर पेटी मोजतो, दोघांच्या सहीचा उतारा करतो, आणि १ एप्रिलपासूनच्या कीर्दीतली रोख जमा वजा व रोख खर्च अधिक करत ३१ मार्चपर्यंत मागे जातो. वीस मिनिटांचे काम आहे. त्यात आपल्या संस्थेत ८६,४०० निघाले नसते तर ते त्याच दुपारी कळले असते. या रकमेचे उत्पन्नाशी प्रमाण पावणेपाच टक्क्यांच्या आसपास पडते आणि कुणी असेही म्हणेल की रक्कम लक्षणीय नाही. परंतु लक्षणीयता केवळ आकाराने ठरत नाही, स्वरूपानेही ठरते, आणि पदाधिकाऱ्याच्या हातातली रोकड ही स्वरूपानेच लक्षणीय बाब आहे.

मग जबाबदारी कोणती? येथे तीन पायऱ्या वेगळ्या ठेवाव्या लागतात आणि आपल्या पत्रात त्या एकत्र झाल्या आहेत. ऑडिटरने रोकड मोजली, त्या दिवशी ती जुळली आणि नंतर कुणी उचलली, तर तो जबाबदार नाही. त्याने मोजलीच नाही, तर तो निष्काळजी ठरतो. त्याला रोकड नाही हे माहीत असूनही सही केली, तर मामला फौजदारी बाजूला झुकतो. कोणत्या पायरीवर आहोत, हे त्याच्या कामकाजाच्या कागदांवरून, म्हणजे मोजणीचा उतारा, बँकेचे दाखले आणि समितीला दिलेली चौकशीपत्रे यांवरून ठरते. मोजणीचा कागद फाइलमध्ये नसेल तर मोजणी झाली हे सिद्ध करणे त्याला कठीण जाते. आमच्या व्यवसायात तोंडी मोजणी असा प्रकार नाही.

निष्काळजीपणाची तक्रार ऑडिटर सनदी लेखापाल असेल तर भारतीय सनदी लेखापाल संस्थेकडे करता येते. सनदी लेखापाल कायदा, १९४९ च्या दुसऱ्या अनुसूचीत योग्य काळजी न घेणे किंवा घोर निष्काळजीपणा हे व्यावसायिक गैरवर्तन म्हणून नोंदलेले आहे, आणि ज्ञात असलेली महत्त्वाची बाब उघड न करणे हेही. तो नामतालिकेवरचा प्रमाणित लेखापरीक्षक, म्हणजे जी.डी.सी. अँड ए. ही सहकार व लेखाविषयक शासकीय पदविका उत्तीर्ण असेल, तर ही वाट नाही. मग सहकार खात्याच्या निबंधकांकडेच जावे लागते. संस्थेला झालेले नुकसान भरून मागण्याचा दिवाणी हक्क संस्थेचा असतो, एकट्या सभासदाचा सहसा नसतो. ऑडिटरची बांधिलकी सभासदांच्या समूहाशी असते, प्रत्येक व्यक्तीच्या वैयक्तिक निर्णयांशी नव्हे, हे तत्त्व ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९० मध्ये कॅपॅरोच्या खटल्यात पक्के केले. नुकसानीचा मोठा वाटा तसाही पदाधिकाऱ्यांकडूनच वसूल होतो. लेखापरीक्षण किंवा चौकशीत निघालेल्या गैरव्यवहाराची नुकसानभरपाई ठरवण्याचे कलम ८८ हे व्यवस्थापनात भाग घेतलेल्यांना उद्देशून आहे.

सहकार कायद्याने ऑडिटरवर टाकलेले एक ओझे कंपन्यांच्या ऑडिटरांनाही ऐकून आश्चर्य वाटते. कलम ८१ च्या पोटकलम ५ब नुसार, कुणी हिशेबासंबंधीच्या अपराधाबद्दल दोषी आहे अशा निष्कर्षाला लेखापरीक्षक आला, तर अहवाल सादर केल्यापासून पंधरा दिवसांत त्याने निबंधकांकडे तसा विशिष्ट अहवाल द्यायचा असतो आणि निबंधकांची लेखी परवानगी घेऊन प्रथम खबर, म्हणजे एफआयआर, त्यानेच दाखल करायची असते. त्यात कसूर केली तर त्याचे नाव नामतालिकेवरून काढले जाते. म्हणजे आपण ज्याच्यावर गुन्हा दाखल करू पाहता, तोच कायद्याच्या नजरेत पहिला फिर्यादी असायला हवा होता. कंपनी कायदा, २०१३ मध्ये याच्याशी मिळतीजुळती तरतूद कलम १४३ च्या पोटकलम १२ मध्ये आहे. तेथे अधिकारी किंवा कर्मचाऱ्यांकडून एक कोटी किंवा अधिक रकमेची फसवणूक होत असल्याचे ऑडिटरला सकारण वाटले तर केंद्र सरकारला कळवायचे असते आणि त्याखालच्या रकमा लेखापरीक्षण समितीला किंवा संचालक मंडळाला. फसवण्याच्या हेतूने जाणूनबुजून कर्तव्य मोडणाऱ्या कंपनीच्या ऑडिटरला कलम १४७ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि राजीनामा देऊन बाजूला झाल्याने कलम १४०(५) खालची, फसवणुकीत सामील ऑडिटरवरची कारवाई थांबत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये आयएल अँड एफएस या वित्तसमूहाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. आपल्या संस्थेला या कंपनी कायद्यातल्या तरतुदी लागू नाहीत. कंपन्यांत नोकरी करणारी सभासद मंडळी त्यांचे दाखले सभेत देतील, म्हणून सांगून ठेवले.

आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर यावरून असे निघते की आज ऑडिटरवर थेट गुन्हा नोंदवण्याइतका आधार आपल्या हातात नाही, आणि तो घाईने नोंदवला तर रोकड कुणी घेतली हा मूळ प्रश्न मागे पडेल. आधी ऑडिटरांना समितीच्या ठरावाने एक पत्र पाठवा आणि त्यात तीनच गोष्टी विचारा: रोख शिल्लक कोणत्या तारखेला मोजली व उताऱ्याची प्रत, ठेवींचा दाखला बँकेकडून थेट आला का व त्यात बोजाचा उल्लेख काय आहे, आणि तीन वर्षे न हलणाऱ्या शिलकीबाबत दोषांच्या टिपणात काही लिहिले आहे का. त्यांनी तो दोष लिहिलेला असण्याची शक्यता धरा. कित्येकदा ऑडिटरने लिहिलेले असते आणि जुन्या समितीने ते पान सभेत वाचलेलेच नसते; अशा वेळी तीन महिन्यांत दोषदुरुस्ती अहवाल न देण्याचा ठपका कलम ८२ खाली समितीवर येतो, ऑडिटरवर नाही. बँकेत मात्र पत्राच्या उत्तराची वाट न पाहता उद्याच जा आणि १२ लाखांच्या मूळ पावत्या दोन्ही बाजूंनी पाहा. उत्तर आले नाही किंवा टोलवाटोलवीचे आले, तर उपनिबंधकांकडे फेरलेखापरीक्षणाचा अर्ज करा. कलम ८१ खाली तो अधिकार त्यांना आहे आणि फेरलेखापरीक्षणात जे निघेल त्यावर गुन्ह्याचा निर्णय भक्कम पायावर घेता येईल.

राहता राहिली एक शक्यता, आणि माझ्या अनुभवात ती सर्वांत जास्त वेळा घडते. पत्र गेल्याचे कळताच जुने खजिनदार ८६,४०० रुपये घेऊन आपल्या दारात येतील. रक्कम नाकारू नका, पण ती आपल्या पेटीत ठेवू नका आणि मागील तारखेची पावतीही देऊ नका. त्याच दिवसाच्या तारखेची पावती फाडा, त्यावर ‘माजी खजिनदारांकडून, हस्ते रोख शिलकीपोटी’ असे स्वच्छ लिहा, दुसऱ्या दिवशी संस्थेच्या खात्यात भरा आणि समितीच्या इतिवृत्तात नोंद घ्या. आता आलेली रोकड ३१ मार्चला पेटीत होती याचा तो पुरावा होत नाही, त्यामुळे ऑडिटरांना विचारलेला पहिला प्रश्न तसाच राहतो; ते पत्र मागे घेऊ नका.